तारीख बरोबर आहे म्हणून नोटीस खरी ठरत नाही

छोट्या व्यावसायिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर डोमेनबद्दल, म्हणजे वेबसाइटच्या नावाबद्दल, एक सल्ला फिरतोय: ‘डोमेन रिन्यूअलच्या नोटिशीत तुमचं डोमेन, पत्ता आणि मुदतीची तारीख बरोबर असेल, तर ती खरी. लगेच पैसे भरा, नाहीतर मुदत संपली त्याच दिवशी नाव दुसरा घेईल.’ यातलं प्रत्येक विधान घातक आहे.

मुदतीची तारीख गुपित नसतेच. डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत ती कुणालाही दिसते. २०१८ पासून बहुतेक नोंदींत मालकाचा पत्ता झाकलेला असतो, पण आपल्याच वेबसाइटच्या ‘संपर्क’ पानावर तो असतोच की!

‘एवढं अधिकृत दिसणारं पत्र खोटं कसं असेल?’ असं असू शकतं. ‘डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका’ ही कंपनी अगदी बिलासारखी पत्रं पाठवायची. लोक नूतनीकरण समजून पैसे भरत; प्रत्यक्षात डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे) हलवायला संमती देत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने, २००३ मध्ये तिच्यावर कारवाई केली. तरी पत्रं थांबली नाहीत. अखेर २०१४ मध्ये आयकॅन या डोमेन व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या जागतिक संस्थेने तिच्यामागच्या रजिस्ट्रारला काही काळ निलंबित केलं. अशा पत्रांत ‘हे बिल नाही’ असं बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. ते आधी शोधा.

‘त्याच दिवशी नाव जातं’ हेही चूक. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी रजिस्ट्रारने साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी, शिवाय मुदत संपल्यावर पाच दिवसांत, आठवण द्यावी लागते. नोंद रद्द झाल्यावरही तीस दिवस ती सोडवून घेता येते. खर्च मात्र बराच जास्त येतो, म्हणून चालढकल नको.

मग तपासायचं काय? पाठवणारा कोण, एवढंच. डॉट कॉमसाठी आयकॅनच्या आणि डॉट इनसाठी निक्सीच्या (डॉट इन डोमेन सांभाळणाऱ्या भारतीय संस्थेच्या) शोधपानावर आपला रजिस्ट्रार बघा. नोटिशीवरचं नाव वेगळं असेल तर पैसे भरू नका. ईमेलमधल्या लिंकवर न जाता रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा.

आपल्याकडे खरी अडचण इथेच येते. डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याने स्वतःच्या खात्यातून घेतलेलं असतं. खरी आठवण त्याच्या ईमेलवर जाते, खोटी मालकाच्या दुकानात येते. वेबसाइट बनवणाऱ्याला आजच फोन करून डोमेन आपल्या नावावर करून घ्या.

पैसे गेलेच असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवा. ऑथ कोडही (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायला लागणारा गुप्त कोड) दिला असेल, तर खऱ्या रजिस्ट्रारला सांगून ट्रान्सफर ताबडतोब थांबवा.