म्हणे आरपीजी आणि स्ट्रॅटेजीवाल्यांनी लिनक्सकडे फिरकू नये

एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. थोडक्यात असा: लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या मोफत सिस्टिमवर, खरे गेम कधी नव्हतेच, आहेत ती फुकटातली खेळणी. विंडोजचे गेम तिथे चालतात म्हणतात ते इम्युलेटरवर, म्हणजे रडतखडत. लिनक्सवाले खिशात हात घालत नाहीत, म्हणून कंपन्या तिकडे बघत नाहीत. जुने गेम खेळायचे तर विंडोजच हवं. मॉड, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेले बदल, ते तर विसराच. आणि सगळ्यात शेवटी खास आमच्या जमातीसाठी एक ओळ: आरपीजी आणि स्ट्रॅटेजीवाल्यांनी तर फिरकूच नये, दोनशे तासांचा डाव भलत्या सिस्टिमवर कोण मांडेल?

मी हे दोनच प्रकार खेळते: आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन लांबलचक गोष्ट जगायचे गेम, आणि स्ट्रॅटेजी, म्हणजे राज्य किंवा फौज चालवायचे डावपेचांचे गेम. नेमबाजी मला जमत नाही, शर्यतीत माझी गाडी पहिल्या वळणाला भिंतीत घुसते. गेली वीसेक वर्षं बहुतेक डाव लिनक्सवरच मांडलेत, त्यामुळे शेवटची ओळ जरा लागली. पण त्या अख्ख्या मजकुरात विचारण्याजोगा प्रश्न तेवढाच आहे, म्हणून त्याचं उत्तर शेवटी देते.

"खरे गेम कधी नव्हतेच."

निदान आमच्या प्रकारात तरी गोष्ट नेमकी उलटी आहे. 1980 च्या सुमारास 'रोग' हा गेम युनिक्स यंत्रांवर जन्मला, आणि लिनक्स त्या युनिक्सच्याच धर्तीवर बनलेलं. दर वेळी नवं तळघर, आणि मेलात की मेलात. बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीबरोबर तो विद्यापीठांत पसरला आणि 'रोगलाइक' हे एका अख्ख्या प्रकाराचं नावच त्याच्यावरून पडलं. 1987 मध्ये त्याच जातीचा नेटहॅक आला. म्हणजे 1991 साली लिनक्स आलं तेव्हा हा वारसा आधीच तयार होता.

नेटहॅक ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो काळ्या पडद्यावरचा अक्षरांचा कचरा वाटतो. तुम्ही म्हणजे @. शेजारी 'डी' हे अक्षर, तो तुमचा कुत्रा. आता जमिनीवर एक चिलखत पडलंय. ते शापित आहे का? कुत्र्याला त्यावरून चालू द्या. तो नेहमीसारखा गेला तर घाला अंगात. नाखुशीने पाय टाकला असा संदेश आला, तर हात लावू नका. निळ्या रंगाचं 'ई' दिसलं तर तो हवेत तरंगणारा डोळा. जागचा फारसा हलत नाही, स्वतःहून हल्ला करत नाही. मी पहिल्यांदा त्याला तलवार मारली, जागच्या जागी लुळी पडले, आणि मागून आलेल्या कुठल्याशा फालतू प्राण्याने सावकाश मला खाल्लं. ज्या गेममध्ये कुत्र्याच्या चालण्यावरून चिलखताची पारख होते त्याला खेळणं म्हणायचं असेल तर म्हणा.

पुढची यादी भराभर सांगते. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी फ्रीसिव्ह हा सिव्हिलायझेशनच्या धर्तीवरचा स्ट्रॅटेजी गेम लिहिला, तो 1996 च्या जानेवारीत बाहेर आला आणि अजून चालू आहे. लोकी सॉफ्टवेअर 1998 मध्ये सुरू झाली, ती केवळ लिनक्सवर गेम आणण्यासाठी. तिने आणलेले गेम बघा: सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर, हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3, अल्फा सेंटॉरी, रेलरोड टायकून 2. स्ट्रॅटेजीच स्ट्रॅटेजी. 2002 मध्ये आलेल्या नेव्हरविंटर नाइट्स या आरपीजीची लिनक्स आवृत्ती 2003 मध्ये आली. वॉरझोन 2100 हा 1999 चा विकाऊ गेम, त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, 2004 मध्ये खुला झाला आणि लोकांनी तो आजवर जिवंत ठेवलाय.

'फुकटातली खेळणी' म्हणणाऱ्यांनी बॅटल फॉर वेसनॉथ एक आठवडा खेळून दाखवावा. 2003 पासून चालू असलेला, षटकोनी घरांचा, पाळीपाळीने खेळायचा गेम. गवतावर उभ्या भालेवाल्याला 40 टक्के बचाव, तोच किल्ल्यात शिरला की 60. काही फौजा दिवसा 25 टक्के जोरात मारतात, काही रात्री. त्यामुळे चांगला खेळाडू संध्याकाळ होताना माघार घेतो आणि पहाटे परत चालून जातो. नियम एवढेच. पण त्यातून 60 टक्के बचाव असलेला माणूस ओळीने चार घाव खातो तेव्हा जो संताप होतो, तो विकतच्या गेममधल्या संतापापेक्षा तसूभर कमी नसतो.

"पैसे देत नाहीत म्हणून कंपन्या येत नाहीत."

2010 मध्ये पहिला हंबल इंडी बंडल, म्हणजे छोट्या निर्मात्यांच्या गेमांचा गठ्ठा, निघाला. हवे तेवढे पैसे द्या, अशी योजना. त्यात लिनक्सवाल्यांनी माणशी सरासरी विंडोजवाल्यांपेक्षा बरेच जास्त पैसे दिले. आकडे तेव्हा जाहीर होते, सगळ्यांनी पाहिले. आम्ही कंजूष नाही, आम्ही थोडे आहोत. लोकी 2002 मध्ये बंद पडली ती म्हणूनच, आणि हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

तरीही कंपन्या आल्याच. स्टीम हे व्हॉल्व्ह कंपनीचं गेमांचं ऑनलाइन दुकान लिनक्सवर 2013 च्या फेब्रुवारीत अधिकृतपणे आलं. त्याच्या आगेमागे क्रुसेडर किंग्ज 2, युरोपा युनिव्हर्सालिस 4, सिव्हिलायझेशन 5, एक्सकॉम. वेस्टलँड 2, पिलर्स ऑफ इटर्निटी आणि टॉर्मेंट: टाइड्स ऑफ न्यूमेनेरा हे तीन मोठे आरपीजी लोकवर्गणीतून उभे राहिले, आणि तिन्ही लिनक्सवर आले. स्टेलारिस 2016 मध्ये पहिल्या दिवसापासून लिनक्सवर होता. 2025 मधला सिव्हिलायझेशन 7 सुद्धा. या मुद्द्यावर आणखी शाई खर्चण्यात अर्थ नाही.

"इम्युलेटरवर रडतखडत."

वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, 1993 पासून बनतंय आणि ते इम्युलेटर नाही हे त्याच्या नावातच दडलंय: 'वाइन इज नॉट ॲन इम्युलेटर'. इम्युलेटर दुसऱ्या यंत्राच्या प्रोसेसरची नक्कल करतो. इथे गेमचा कोड तुमच्याच प्रोसेसरवर थेट चालतो. तो विंडोजकडे जे मागतो, म्हणजे फाइल उघड, खिडकी काढ, आवाज वाजव, ते वाइन लिनक्सकडून करून देतं. चित्रांचं काम डीएक्सव्हीके बघतं: डायरेक्टथ्रीडी या विंडोजच्या ग्राफिक्स पद्धतीतल्या आज्ञा व्हल्कन या खुल्या पद्धतीत बदलून ग्राफिक्स कार्डाकडे पाठवायच्या. हे सगळं एकत्र बांधून व्हॉल्व्हने 2018 च्या ऑगस्टमध्ये प्रोटॉन म्हणून दिलं. बाल्डर्स गेट 3 सारखा अवजड गेम 2023 मध्ये आला तेव्हा बहुतेक लिनक्सवाल्यांनी तो याच वाटेने खेळला.

झळ बसते ती सुरुवातीला. नव्या जागी पहिल्यांदा गेलं की शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होईस्तोवर चित्र क्षणभर अडखळतं. नेमबाजीत त्या क्षणात जीव जातो. माझ्या गेममध्ये त्या वेळात मी 'पुढची पाळी' दाबू की नको याचा विचार करत असते. आणि स्टेलारिस शेवटच्या शंभर वर्षांत गोगलगाय होतो तो सगळ्याच सिस्टिमांवर होतो, त्याचं खापर लिनक्सच्या पेंग्विनवर फोडू नका.

मला वाटतं, या मजकुराचं मूळ इथेच आहे. ऑनलाइन स्पर्धेच्या गेमांचं दुखणं खरं आहे. तिथे अँटी-चीट, म्हणजे फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर, थेट कर्नलमध्ये, सिस्टिमच्या गाभ्यात, जाऊन बसू बघतं. 2021 मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआयने प्रोटॉनची सोय केली, पण ती चालू करायची की नाही हे प्रत्येक कंपनीच्या मर्जीवर. लीग ऑफ लेजेंड्स लोक वाइनवर खेळायचे, 2024 मध्ये त्याला व्हॅनगार्ड हे अँटी-चीट जोडलं आणि ती वाट बंद झाली. असे गेम खेळणाऱ्याने 'लिनक्सवर येऊ नका' म्हटलं तर मी मान डोलावीन. पण त्याचा ताप आम्हाला कशाला? संगणकाविरुद्ध एकट्याने खेळताना मी चीट केलं तर फसवणूक माझीच.

"जुने गेम फक्त विंडोजवर."

इथे मला दोन्ही बाजूंनी बोलावं लागेल. 64-बिट विंडोज 16-बिट प्रोग्रॅम चालवत नाही, आणि नव्वदच्या दशकातल्या काही गेमांचे इन्स्टॉलर 16-बिट आहेत. गेम चालेल, पण आत शिरायचं दारच बंद. वाइनमध्ये ते दार अजून उघडतं. सेफडिस्क हे सीडीचं संरक्षण विंडोज 10 ने 2015 मध्ये काढून टाकलं, त्याबरोबर विकत घेतलेल्या कितीतरी चकत्या मुक्या झाल्या. (वाइनवरही असली संरक्षणं दर वेळी चालतील असं नाही, हेही सांगून टाकते.) शिवाय जुन्या गेमचं इंजिनच नव्याने लिहिणारे लोक आहेत: मोरोविंडसाठी ओपनएमडब्ल्यू, 1994 च्या एक्सकॉमसाठी ओपनएक्सकॉम, हीरोज 3 साठी व्हीसीएमआय, बाल्डर्स गेटच्या पिढीसाठी जेमआरबी. मूळ गेमच्या फाइली तुमच्याकडे हव्यात, बाकी सगळं आजच्या यंत्रावर आजच्यासारखं चालतं.

आता आमच्या घरातली अडगळ. माझ्याकडे एका जुन्या स्ट्रॅटेजी गेमची, खास लिनक्ससाठी बनवलेली चकती आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी हौसेने लावली. एक लायब्ररी (गेमला लागणारी पूरक फाइल) नाही म्हणाली, ती शोधून दिली. मग दुसरी मागितली. ती मिळाली तर आवाज नाही, कारण त्या काळची आवाजाची पद्धतच गेली. दोन संध्याकाळी गेल्या. मग त्याच गेमची विंडोज आवृत्ती वाइनमध्ये टाकली, ती दहा मिनिटांत चालू. लिनक्सवरची सगळ्यात टिकाऊ गोष्ट म्हणजे विंडोजची एक्झी (प्रोग्रॅमची फाइल), असा एक विनोद आहे. हसण्यावारी न्यावा असा तो नाही. आस्थेने केलेले पोर्ट, म्हणजे खास लिनक्ससाठीच्या आवृत्त्या, कंपनीने सोडून दिले की सडतात, अपडेट मागे पडतात, विंडोजवाल्या मित्राबरोबर खेळायला जावं तर आवृत्त्या जुळत नाहीत. म्हणून हल्ली पोर्ट लंगडा वाटला तर मी सरळ प्रोटॉन निवडते. पूर्वी याला मी गद्दारी म्हटलं असतं.

"मॉड तर विसराच."

विसरू नका, पण तयारीने या. स्टीम वर्कशॉपवरून येणारे मॉड बहुधा आपोआप बसतात, पॅराडॉक्सच्या (क्रुसेडर किंग्ज, स्टेलारिस बनवणारी कंपनी) गेमांत तर काही जाणवतही नाही. खरी लढाई मोरोविंडवाल्या बेथेस्डाच्या गेमांत. मॉड मॅनेजर विंडोजचे असतात, ते गेमच्याच प्रोटॉन प्रीफिक्समध्ये, म्हणजे त्या गेमसाठी बनवलेल्या खोट्या विंडोजमध्ये, चालवावे लागतात.

आणि एक खास लिनक्सचा खड्डा आहे. विंडोजला मोठी अक्षरं आणि लहान अक्षरं सारखीच. लिनक्सला नाहीत. एका मॉडचं टेक्स्चर्सचं (पृष्ठभागांच्या चित्रांचं) फोल्डर मोठ्या 'टी'ने, दुसऱ्याचं लहान 'टी'ने. हाताने उघडून टाकलेत की शेजारी शेजारी दोन फोल्डर तयार, आणि वाइनच्या हाती त्यातलं एकच लागतं. परिणाम असा की गावातल्या निम्म्या माणसांना नवे चेहरे आणि निम्म्यांना जुने. मी तीन दिवस मॉडच्या लेखकाला शिव्या दिल्या, दोष त्याचा नव्हता. 2019 मध्ये कर्नल 5.2 पासून ईएक्सटी4 या डिस्कवर फाइली ठेवण्याच्या पद्धतीत एखादं फोल्डर असा फरक न करणारं बनवता येतं, पण ते मुद्दाम चालू करावं लागतं. हा मुद्दा मी मजकूरवाल्याला अर्धा देऊन टाकते.

"दोनशे तासांचा डाव भलत्या सिस्टिमवर कोण मांडेल?"

डाव गमावण्याची भीती खरी आहे, आणि मी गमावलाय. प्रोटॉनवर चाललेल्या प्रत्येक गेमचं एक खोटंनाटं विंडोज असतं, ते कॉम्पॅटडेटा नावाच्या फोल्डरात, गेमच्या क्रमांकाखाली. एकदा गेम सुरू होईना म्हणून मी ते फोल्डर उडवलं. उपाय बरोबर होता, गेम सुरू झाला. फक्त त्या गेमला क्लाउड सेव्ह नव्हतं आणि साठ तासांची मोहीम त्याच फोल्डरात होती. दुसरा झटका पोर्टवरून प्रोटॉनवर जाताना बसतो: सेव्हची यादी रिकामी दिसते. फाइली गेलेल्या नसतात. पोर्ट त्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या जागी ठेवतो, प्रोटॉन त्याच्या खोट्या विंडोजमध्ये शोधतो. इकडून तिकडे कॉपी केल्या की अनेकदा काम भागतं. तेव्हापासून कुठल्याही गेममध्ये दहा तास झाले की मी आधी सेव्ह कुठे जातात ते शोधते आणि त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवते. विंडोजवर असते तरी हेच करावं लागलं असतं.

आणि प्रत असली की डाव सिस्टिमच्या जिवावर उरत नाही. अल्फा सेंटॉरीचा माझा एक जुना सेव्ह तीन संगणक आणि चार डिस्ट्रो (लिनक्सचे वेगवेगळे अवतार) बघून आलाय. परवा वाइनमध्ये उघडला. मिशन वर्ष 2214, समुद्रात माझ्या सात बोटी सैन्याने भरून उभ्या. कुणावर स्वारी काढली होती ते आठवेना. दोन पाळ्या वाट पाहिली, तेवढ्यात त्या ग्रहावरचे समुद्री राक्षस आले आणि दोन बोटी गेल्या.