या आठवड्यात झाडू कोणाकडे?

परदेशी राहायला गेलेल्या माणसांचे फोटो नीट बघा. त्यात मुलं असतात, ट्यूलिप असतात, मागे एखादा राजवाडा असतो. चिखलाने माखलेली रबरी विजार बाथटबमध्ये धूत बसलेला बाप मात्र कुठल्याच फोटोत नसतो. तो मी.

आम्ही स्टुटगार्टला काही महिन्यांपुरते आलो आहोत. म्हणजे आली आहे बायको. पुण्यात ती मोटारींचं सॉफ्टवेअर लिहिते आणि स्टुटगार्ट म्हणजे मोटारींचं माहेर, तेव्हा कधी ना कधी तिला इथे पाठवणार हे ठरलेलंच होतं. मी बिनपगारी रजा टाकून मुलांसकट मागोमाग आलो. ‘तुझं काय बाबा, मजा आहे, युरोप बघशील,’ असं निघताना ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्यांची यादी मी जपून ठेवली आहे.

आलो तेव्हा थोरली साडेपाच वर्षांची होती, धाकटा तीनचा. दोघांना बालवाडीत टाकायचं आणि आपण कॉफी पीत जर्मन शिकायचं, असा माझा बेत होता. जर्मनीत मूल वर्षाचं झालं की पाळणाघरातल्या जागेवर त्याचा कायदेशीर हक्क असतो, हे मी निघण्यापूर्वीच वाचून ठेवलं होतं. ते खरंच आहे. हक्क लगेच मिळतो, जागेसाठी प्रतीक्षायादी असते. यादीत नावं घातली आणि आम्ही तिघं घरी बसलो. म्हणजे मी बसलो. बाकीचे दोघे सोफ्यावरून खाली उड्या मारत होते.

सोफ्याच्या खाली लाकडी जमीन. जमिनीच्या खाली ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई. आणि दाराच्या आतल्या बाजूला घरमालकाने चिकटवलेली नियमावली: रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, दुपारी एक ते तीन शांतता, रविवारी दिवसभर शांतता. पुण्याच्या माणसाला यात वावगं वाटायला नको. पण आपल्याकडे दुपारी मोठी माणसं झोपतात आणि म्हणूनच तेव्हा मुलं जिन्यात क्रिकेट खेळतात, ही व्यवस्था इथे कोणाला सुचलेली नाही.

रविवारचं तर विचारू नका. दुकानं बंद. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, ड्रिल लावायचं नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्या गल्लीतल्या टाकीत टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. रविवारच्या विश्रांतीला इथे थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. तीन वर्षांच्या मुलाला राज्यघटना समजावून सांगण्याची वेळ कोणावर येऊ नये. ‘आज रविवार आहे, हळू चाल,’ असं मी त्याला सकाळी सातपासून सांगायचो आणि तो दर वेळी ‘का?’ असं विचारायचा, तेही मोठ्याने.

एका रविवारी मी डाळ-भाताचा कुकर लावला. तिसरी शिट्टी झाली आणि दारावरची बेल वाजली. खालच्या आजीबाई. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. आमच्या घरात काहीतरी फुटणार आहे अशी त्यांची समजूत झाली होती. मी त्यांना आत नेऊन कुकर दाखवला. त्यांनी तो लांबूनच पाहिला आणि ‘रोज?’ असं विचारलं. तेव्हापासून रविवारचा वरण-भात शनिवारी होतो.

मग मी कायद्यात आधार शोधला. सापडलाही. २०११ साली जर्मन संसदेने कायद्यात दुरुस्ती केली की बालवाड्या आणि मुलांची क्रीडांगणं इथून येणारा मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे उपद्रव समजायचा नाही. एका गंभीर देशाच्या गंभीर संसदेने ‘पोरं ओरडणारच’ हे कलमात घातलं, याचं मला भरून आलं. कागद छापून दाराला लावणार होतो. बायकोने पुन्हा एकदा वाचायला लावला. त्यात क्रीडांगण आहे, बालवाडी आहे, तिसऱ्या मजल्यावरचा सोफा नाही.

म्हणून आम्ही क्रीडांगणावर राहायला गेलो. इथली क्रीडांगणं फार चांगली असतात, तीच तर पंचाईत आहे. वाळू असते आणि वाळूशेजारी हातपंप असतो. ही रचना करणाऱ्या इसमाला स्वतःची मुलं नसावीत, किंवा असली तर त्यांचे कपडे दुसरं कोणी धूत असावं. पाऊस आला की आपण घरी पळतो. जर्मन आया मुलांना रबरी विजारी चढवून खास बाहेर आणतात. वाईट हवा असं काही नसतं, वाईट कपडे असतात, असं एका आईने मला हसत हसत सांगितलं. माझ्या अंगावर तेव्हा तुळशीबागेतलं जॅकेट होतं. ते आतून ओलं व्हायला लागलं होतं.

आणि घरी परतायचं म्हणजे चढ. स्टुटगार्ट एका खोलगट भागात वसलंय, भोवती टेकड्या, आणि टेकड्यांवर चढायला शहरभर चारशेच्या वर दगडी जिने. नकाशा म्हणतो ‘सात मिनिटं’. नकाशाच्या खांद्यावर झोपलेला मुलगा नसतो. हातात बाबागाडी, पाठीवर दप्तर, मागे ‘बाबा, पाय दुखले’ म्हणत बसकण मारणारी थोरली. संध्याकाळच्या दुधासाठी पर्वती चढून यावं तसं ते होतं. मारिएनप्लाट्झहून डेगरलोखला वर जाणारी दात्यांच्या चाकाची छोटी रेल्वे आहे, १८८४ पासूनची. सायकली ठेवायला तिला पुढे एक उघडा डबाच जोडलेला असतो. मुलांना ती इतकी आवडली की आमचं घर तिच्या वाटेवर नाही, हे त्यांना अजूनही मान्य नाही. आम्ही उगाचच वर जातो आणि उगाचच खाली येतो. घरचे जिने नंतर चढतोच.

मे महिन्यात थोरलीला बालवाडीत अर्ध्या दिवसाची जागा मिळाली आणि मला वाटलं, सुटलो.

तिथे त्यांनी तिला काय शिकवलं ते मला ठाऊक नाही. पहिले काही आठवडे ती गप्प होती. मग एके दिवशी आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. सिग्नल लाल. डावीकडे गाडी नाही, उजवीकडे गाडी नाही, क्षितिजापर्यंत गाडी नाही. मी पुण्याचा माणूस, माझा पाय आपोआप पुढे पडला. मागून माझं जॅकेट कोणीतरी खेचलं. ‘बाबा! लहान मुलं बघतायत!’ मी वळून पाहिलं. लहान मुलं म्हणजे तीच. खांबावर पाटीही होती: हिरव्यावरच चाला, मुलांपुढे आदर्श ठेवा. पलीकडच्या फूटपाथवरच्या एका गृहस्थांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. माझ्याकडे बघून डोलावली नाही.

त्यानंतर घराचा ताबा गेला. दह्याच्या डब्याचं झाकण नुसतं उचकटून चालत नाही, पूर्ण वेगळं करून टाकायचं. कागद इकडे, सालं तिकडे, काच रंगांप्रमाणे. प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर पंचवीस सेंटची अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात बाटली सरकवली की परत मिळते. हे पैसे थोरलीने स्वतःच्या खात्यात वळते केले. आता कोणतं पाणी विकत घ्यायचं ते ती ठरवते. धाकटा तिचा हवालदार. कचऱ्याच्या पिशवीत हात घालून तो पुरावे काढून आणतो.

ऑगस्टमध्ये ती सहा वर्षांची झाली. इथे सहा वर्षांखालच्या मुलांना ट्रामचं तिकीट नसतं. वाढदिवसाच्या दिवशी ट्राममध्ये चढता चढता तिने खणखणीत आवाजात, आधी मराठीत आणि मग सर्वांना कळावं म्हणून जर्मनमध्ये जाहीर केलं की आजपासून आपण सहाच्या आहोत आणि बाबाने अजून तिकीट काढलेलं नाही. मी खाली उतरून यंत्रापाशी गेलो. ट्राम गेली. तीही ट्राममधून माझ्याबरोबर उतरली होती, एवढंच नशीब.

गणपतीत मात्र मला वाटलं, आता आपलं राज्य. शाडूची वीतभर मूर्ती सामानातून आणली होती, झांजा होत्या. थोरलीने आरतीची वेळ ठरवली: संध्याकाळी सहा. झांजा दोनच मिनिटं. रविवारी टाळ्या, त्याही हळू. खालच्या आजीबाईंना तिने स्वतः जाऊन आधी कल्पना दिली, आणि त्या मोदक खायला वर आल्या. त्यांनी दोन खाल्ले, आणि घोषात कोणी आवाज चढवलाच तर घड्याळाकडे बघत राहिल्या. विसर्जन बादलीत झालं. त्यानंतर निर्माल्याची वर्गवारी. फुलं-दूर्वा तपकिरी डब्यात, हाराचा दोरा काढून काळ्या डब्यात, कापराची डबी वेष्टणांच्या कचऱ्यात. माती कुठल्या डब्यात, यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ती बाल्कनीतल्या कुंडीत घातली आणि तिथे कोथिंबीर लावली. ती उगवली, तेव्हा चटणीसाठी तोडावी की नाही यावर बायकोची पुण्याच्या आईशी दोन फोनवर चर्चा झाली.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मग आमच्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकली: केअरवोखं. म्हणजे या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी तुमची. १७१४ साली, आपल्याकडे बाळाजी विश्वनाथ पेशवाईची वस्त्रं घेऊन जेमतेम स्थिरावत होते तेव्हा, इथल्या ड्यूकने स्टुटगार्टकरांसाठी रस्ते झाडण्याचा हुकूम काढला. १९८८ साली स्टुटगार्टच्या महापालिकेने ही सक्ती उठवली. पण माणसांना सवय लागली होती. त्यांनी ती भाडेकरारात लिहून ठेवली. छोटी पाळी जिन्याची, मोठी पाळी फूटपाथची, तळघराची आणि थंडीत बर्फाची. (मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. थोरल्या बहिणीने धाकटीला काय शिकवलं, यावर मी बोलत नाही.)

मी जिना झाडला. चांगला झाडला, असं माझं मत आहे. आजीबाईंनी कठड्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, आणि मला काहीही न बोलता थोरलीला हाक मारली. दोघी जिन्यात उभ्या राहून हलक्या आवाजात माझ्या कामाबद्दल जर्मनमध्ये बोलल्या. मला फक्त ‘कोपरा’ कळलं. मग थोरली वर आली आणि म्हणाली, ‘बाबा, कोपरे राहिलेत. पण त्या म्हणाल्या, तू नवीन आहेस.’

डिसेंबरात आम्ही परत जाणार. परवा तिने विचारलं की सिंहगड रोडच्या आपल्या सोसायटीत जिना कोणाच्या पाळीत असतो. मी सांगितलं, पाळी नसते, मावशी येतात. ती गंभीर झाली. कागद घेतला, पट्टी घेतली, आणि चारही मजल्यांच्या घरांचं वेळापत्रक रंगीत पेन्सिलींनी आखून फ्रिजला लावलं. पहिल्या मजल्यावर माझे आईवडील राहतात, म्हणून पहिला आठवडा त्यांचा. त्यात ‘आजी’ असं लिहून तिने खोडलं, कारण आजीचे गुडघे दुखतात, आणि त्या जागी ‘आबा’ लिहिलं.

आबांना हे कोणी कळवायचं, यावर घरात अजून एकमत नाही.