नावाचा अर्थ काय, हा प्रश्नच अर्धवट आहे

बाळाच्या नावांचे अर्थ सांगणाऱ्या याद्या हा इंटरनेटवरचा सगळ्यात बेभरवशाचा मजकूर आहे, असं माझं ठाम मत आहे. (घरगुती औषधांचे फॉरवर्ड सोडून.) कुठलंही नाव टाका, अर्थ ठरलेले: चंद्रप्रकाश, देवाची देणगी, राजकन्या, तेजस्वी. जगात कुणी आपल्या पोराचं नाव घाबरून, वैतागून किंवा बळजबरीने ठेवलंच नसावं असं वाटायला लागतं. ओळखीतली मंडळी अशा यादीतलं एखादं नाव मला पाठवतात आणि विचारतात, "अर्थ बरोबर आहे ना गं?" याचं उत्तर एका ओळीत मावत नाही. म्हणून आज जरा नावं ठेवायला बसले आहे. पोस्ट लांबली आहे, आधीच सांगते.

कियारा घ्या. सध्या भलतंच चलनात असलेलं नाव. इटालियनमध्ये किआरा म्हणजे उजळ, निर्मळ. मूळ लॅटिन 'क्लारा'. आयरिशमध्ये जवळपास तशाच स्पेलिंगचं एक नाव आहे, उच्चार 'कीरा', आणि ते आलंय काळा या अर्थाच्या शब्दावरून. यादीवाला त्यातला बरा वाटेल तो अर्थ उचलतो आणि पुढे एखाद्या देवीचं नाव चिकटवून मोकळा होतो.

शीलाची गंमत याहून मोठी. आपली शीला 'शील' या शब्दातून आली, ते सांगायला नको. इंग्रजीतली शीला मात्र आयरिश शीलावरून आली, आयरिश शीला म्हणजे सेसिलियाचं स्थानिक रूप, आणि सेसिलिया हे एका रोमन घराण्याचं नाव, ज्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'आंधळा' हा शब्द आहे. दोन शीला एका बाकावर शेजारी बसल्या तरी नावापुरतं त्यांचं एकमेकींशी काडीचंही नातं नाही. अनिताचं तेच. स्पॅनिशमध्ये अनिता म्हणजे छोटी आना, आणि आना म्हणजे हिब्रूतली हन्ना, कृपा. रीटा ही मार्गारीटाची शेपटी, ग्रीकमधला मोती.

मग ज्यांनी ज्यांनी लेकीचं नाव सेसिलिया ठेवलं, त्यांनी तिला आंधळी म्हटलं का? छे. त्यांच्या डोळ्यांसमोर संत सेसिलिया होती, संगीतकारांची पाठीराखी. क्लॉडियाच्या मुळाशी 'लंगडा' आहे. कॅमेरॉन म्हणजे वाकडं नाक, कॅम्पबेल म्हणजे वाकडं तोंड, दोन्ही स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतली. कुणाचं काही अडलं नाही. नाव ठेवताना लोक शब्दकोश उघडत नाहीत. आजीचं नाव ठेवतात, संताचं ठेवतात, आवडत्या राजाचं ठेवतात.

यातला माझा लाडका माणूस म्हणजे प्राचीन रोमचा वक्ता आणि राजकारणी सिसेरो. लॅटिनमध्ये 'सिसेर' म्हणजे हरभरा. कुणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती म्हणून हे नाव पडलं, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. सिसेरो राजकारणात उतरला तेव्हा मित्रांनी नाव बदलायचा सल्ला दिला. त्याने तो धुडकावला आणि म्हणाला, या नावाला मी मोठं करीन. पुढे सिसिलीत अधिकारी असताना त्याने देवाला चांदीचं भांडं अर्पण केलं. त्यावर पहिली दोन नावं, मार्कस आणि टुलियस, अक्षरांत कोरून घेतली आणि तिसऱ्याच्या जागी कारागिराकडून चक्क एक हरभरा कोरवला. असा आत्मविश्वास हवा!

तर माझं म्हणणं एवढंच, की 'याचा अर्थ काय' हा अर्धा प्रश्न आहे. हे नाव कुणी ठेवलं, कधी ठेवलं आणि तेव्हा त्याच्यावर काय गुदरलं होतं, हा उरलेला अर्धा. तो विचारला की नावं बोलायला लागतात.

एक मान्य करायला हवं. काही अर्थ खरोखरच जगभर सापडतात. देवदत्त घ्या. ग्रीकमध्ये थिओडोर, स्लाव्ह भाषांत बोग्दान (यातला 'बोग' आणि आपल्या 'भगवान'मधला 'भग' सख्खे भाऊबंद), फारसीत खुदादाद, फ्रेंचमध्ये द्यूदोने, हिब्रूत नथानिएल. मूल झालं की देवाचे आभार मानायचे, हे बहुतेक सगळ्यांना आपापलं सुचलेलं दिसतं. योहानानचं मात्र वेगळं आहे. ते एकच हिब्रू नाव गावोगाव फिरलं आणि जॉन, ज्याँ, हुआन, जोव्हानी, इव्हान, शॉन, याह्या झालं. ही गोष्ट तुम्ही दहा ठिकाणी वाचली असेल, पुढे जाऊ.

मला जास्त ओढ लावतात ती भीतीपोटी ठेवलेली नावं. मंगोलियात 'नेरगुई' नावाची माणसं आहेत. अर्थ: नाव नाही. 'एनेबिश' म्हणजे हा नव्हे. 'हुनबिश' म्हणजे माणूस नव्हे. आधीची मुलं दगावलेली असली की नव्या बाळाला असं नाव द्यायचं, म्हणजे त्याला न्यायला आलेली अशुभ शक्ती गोंधळून परत जाईल. नायजेरियातल्या योरुबा लोकांत, मूल मरतं आणि तेच पुन्हा पोटी येतं अशी समजूत होती. अशा बाळाचं नाव 'मालोमो', पुन्हा जाऊ नकोस. किंवा 'कोसोको', म्हणजे कुदळच नाही. खड्डा खणायला कुदळ शिल्लक नाही बाबा, आता तरी राहा. आपल्या दगडू-धोंडूंची ही दूरदेशीची भावंडं. 'कोसोको'समोर यादीवाला काय लिहील? 'बागकामाची आवड असलेला'?

योरुबांकडेच जुळ्यांची नावंही ठरलेली असतात. आधी जन्मलेलं ते तायवो, म्हणजे जगाची चव घेणारं. मागून आलेलं केहिंदे. आणि थोरलं कोण, तर केहिंदे! मोठ्याने धाकट्याला पुढे पाठवलं, बघून ये रे, जग राहण्यालायक आहे का. धाकटा बाहेर येऊन रडला, म्हणजे निरोप पोचला, मग मोठा निघाला. इतका बिनतोड युक्तिवाद मी क्वचितच ऐकला आहे.

काही समाजांत मात्र नाव सुचायची कटकटच नाही. घानातल्या अकान लोकांत शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, शनिवारी जन्मलेला क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांची जुळी बहीण एफुआ. तेही शुक्रवारचंच, मुलीचं रूप. अन्नान म्हणजे चौथं अपत्य. बालीत वायान, मादे, न्योमान, केतुत अशी क्रमाने चार नावं, पाचव्याला पुन्हा वायान. मादे म्हणजे आपलं 'मध्य'.

हे 'मध्य' तिथे कसं पोचलं, तो संस्कृतच्या भटकंतीचा भाग, आणि इथे आपल्याला फुकटचा आनंद मिळतो. थायलंडच्या दिवंगत राजाचं नाव इंग्रजीत भूमिबोल अदुल्यादेज वाचायचं आणि पुटपुटायचं भूमिबल अतुल्यतेज. कंबोडियाचा राजा नरोदम सिहानुक म्हणजे नरोत्तम सिंहहनू, सिंहाच्या जबड्याचा. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो, त्यांचं आधीचं नाव कुस्नो. पोरगं सारखं आजारी पडायला लागलं तेव्हा वडिलांनी ते बदलून महाभारतातल्या कर्णाचं नाव दिलं, पुढे 'सु' लावून. प्राचीन इराणचा सम्राट दारयवहुश, ज्याला ग्रीकांनी दारेइओस केलं, त्याच्या नावाचे तुकडे पाडले तर 'धारय' आणि 'वसु' यांचे सख्खे भाऊ हाती येतात. पण सगळ्यात भारी पुन्हा मंगोलिया. तिथे १९२० च्या दशकात कुळनावंच रद्द झाली होती. पुढे १९९० च्या दशकात लोकांना पुन्हा कुळनाव लावायला सांगितलं, तेव्हा अनेकांना आपलं कूळच आठवेना. पुष्कळांनी सरळ चंगेझखानाचं 'बोर्जिगिन' उचललं (मोफत मिळतंय तर कमी कशाला घ्या). १९८१ साली अवकाशात जाऊन आलेले गुर्रागचा यांनी मात्र निवडलं 'सान्सार'. मंगोलियनमध्ये याचा अर्थ अंतराळ आणि मूळ संस्कृत 'संसार'. आपण ज्यात गॅसची शेगडी आणि हप्ते मोजतो, त्याच शब्दात तिकडे अख्खं ब्रह्मांड मावलंय.

सरकारं नावात शिरली की प्रकरण वेगळं वळण घेतं. फिलिपिन्समध्ये १८४९ साली स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने हुकूम काढला: करवसुलीला आणि नोंदींना घोळ होतो, प्रत्येक घराला आडनाव हवं. त्यासाठी सुमारे ६०,००० आडनावांची वर्णानुक्रमे यादी छापली आणि तिचे भाग गावोगाव वाटले. परिणामी काही गावांत जवळपास सगळ्यांची आडनावं एकाच अक्षरापासून सुरू होतात. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात 'आर'पासून. तुर्कस्तानात १९३४ च्या कायद्याने सर्वांना आडनाव सक्तीचं झालं. राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमालना संसदेने अतातुर्क दिलं, तुर्कांचा पिता, आणि ते दुसऱ्या कुणी लावायचं नाही असंही ठरवलं. हे निदान देणं होतं. काढून घेणं त्याहून वाईट.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्याचं नाव 'कितेई सोन, जपान' असं पुकारलं गेलं. तो होता सोन की-जोंग, कोरियन. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता, आणि त्याच्या नावाची जी चिनी अक्षरं, तीच जपानी पद्धतीने वाचली की 'सोन कितेई' होतं. कागदावर एक रेघही बदलायला लागली नाही. तो मात्र लोकांनी सही मागितली की कोरियन लिपीत करायचा. मायदेशी एका वर्तमानपत्राने फोटोतल्या त्याच्या छातीवरचा जपानी झेंडा खोडून छापला. पत्रकार तुरुंगात गेले, अंक बंद पडला. १९४० मध्ये तर जपानी वळणाची नावं घ्या म्हणून सगळ्या कोरियनांवरच दडपण आलं.

दुसरा खेळाडू बल्गेरियातला. नईम सुलेमानोव्ह, तुर्की घरातला, चणीने एवढासा वेटलिफ्टर. सुलेमान म्हणजे हिब्रू श्लोमो, इंग्रजी सॉलोमन; 'शालोम' आणि 'सलाम' ज्यातून आले त्याच मुळाचं, शांततेचं नाव. शेवटचा 'ओव्ह' बल्गेरियन. दोन भाषा एका नावात गुण्यागोविंदाने नांदत होत्या. पण १९८४-८५ च्या हिवाळ्यात सरकारने देशातल्या तुर्कांची नावं सक्तीने बदलली आणि नईमच्या हाती नवी ओळख आली: नाउम शालामानोव्ह. कानाला जवळचं वाटेल असं शोधलेलं, जणू कुणाच्या लक्षातच येणार नाही. डिसेंबर १९८६ मध्ये मेलबर्नला स्पर्धेसाठी गेला असताना तो आपल्या पथकातून निसटला आणि तुर्कस्तानात पोचला. तिथे तो नईम सुलेमानोग्लू झाला. तुर्कस्तानने बल्गेरियाला पैसे मोजून त्याच्या खेळण्याची परवानगी मिळवली आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलो वजनगटात त्याने क्लीन अँड जर्कमध्ये १९० किलो उचलले. स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. त्याच ऑलिंपिकच्या उद्घाटनाला मशाल घेऊन स्टेडियममध्ये धावत आलेला ७६ वर्षांचा म्हातारा कोण होता? सोन की-जोंग. बर्लिनचं पदक मात्र अधिकृत यादीत अजून जपानच्याच खात्यावर आहे.

आजकाल इतकी उघड जबरदस्ती कमी दिसते. तिचं काम फॉर्म करतो. पहिलं नाव, आडनाव, दोन्ही चौकोनांना लाल चांदणी, भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनावच नसतं. 'योन्सडोटिर' म्हणजे नुसतं योनची मुलगी, त्यामुळे फोनच्या डिरेक्टरीतही माणूस पहिल्या नावाने शोधायचा. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं, एक बापाकडचं, एक आईकडचं. चिनी माणूस आडनाव आधी सांगतो, तर मेल पाठवणारे त्याला वर्षानुवर्षं आडनावालाच 'डियर' लावून हाक मारतात. आणि जावातल्या कित्येकांचं एकच नाव, सुकार्नोंसारखं. अशा माणसाला अमेरिकेचा व्हिसा मिळतो तेव्हा त्याचं ते एकुलतं नाव आडनावाच्या रकान्यात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी तीन अक्षरं छापली जातात, एफएनयू. पहिलं नाव अज्ञात. पुढे तीच अक्षरं बँकेच्या, लायसन्सच्या कागदांवर उतरतात आणि समोरचा कारकून पुकारतो, "मिस्टर फ्नू?" मंगोलियातल्या नेरगुईचंही नाव 'नाव नाही' असंच आहे, पण ते निदान त्याच्या आईबापांनी विचार करून ठेवलं होतं.