सातवीतल्या पोराला एकच खेळ निवडायला का लावताय?

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच वाद झाला. पुतण्या सांगलीला सातवीत आहे, कबड्डी खेळतो आणि लांब उडीतही जिल्ह्याला जाऊन आला, आता त्याचे सर म्हणतात दोन्हीपैकी एक काहीतरी ठेव, आणि दादा म्हणतो दहावीला ज्याचे क्रीडा गुण मिळतील तोच खेळ धर, पुढे नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आहेच. दादाला मी चूक म्हणणार नाही, त्याला पोराच्या भवितव्याची काळजी आहे. पण बारा वर्षांच्या पोराने कायमचं काय ते आत्ताच ठरवायचं, हे मला पटत नाही.

मी ओहायोत राहतो, कँटन इथून तासाभरावर. तिथे प्रो फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे नामवंत खेळाडूंचं संग्रहालय आहे (इथला फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू काखेत धरून पळायचा तो) आणि आत गेल्या गेल्या जिम थॉर्पचा पुतळा दिसतो. हा माणूस १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन (पाच मैदानी प्रकार मिळून एक स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (तसेच दहा प्रकार) दोन्हींत सुवर्ण जिंकला, १९१३ पासून मोठ्या लीगमध्ये बेसबॉल खेळला, आणि तो चालू असतानाच १९१५ मध्ये कँटन बुलडॉग्जने त्याला मॅचला २५० डॉलर देऊन फुटबॉलला आणलं, जे तेव्हा फार मोठे पैसे होते. १९२० मध्ये आजच्या एनएफएलची, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगची सुरुवात झाली तेव्हा पहिला अध्यक्षही तोच. त्याला कुणी लहानपणी एकच धर म्हणून बसवलं असतं तर यातलं नेमकं काय उरलं असतं?

आता इथलं सगळं छान असं मी मुळीच म्हणत नाहीये. थॉर्प मूळचा सॅक अँड फॉक्स जमातीचा, तो ज्या कार्लाइलच्या शाळेत घडला ती शाळाच आदिवासी पोरांचे केस कापून, त्यांची भाषा बंद करून त्यांना 'सुधारायला' काढलेली होती. आणि पदकं? तेव्हा ऑलिम्पिकला पैसे घेऊन खेळणारे चालत नसत, आणि हा ऑलिम्पिकआधी दोन उन्हाळे थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला एवढ्यावरून १९१३ मध्ये काढून घेतली, खरं तर तक्रारीची ३० दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. १९५३ मध्ये तो गेला, हातात पैसा नव्हता. पदकांच्या प्रतिकृती मुलांना मिळाल्या १९८३ मध्ये, आणि एकटाच विजेता म्हणून नाव परत लागलं ते २०२२ मध्ये. मला हे वाचून अजून त्रास होतो.

आजही इथे खाजगी क्लबवाले वर्षभर एकच खेळ खेळवतात, आईबाप भरमसाट पैसे भरतात, आणि बेसबॉलमध्ये पिचिंग करणाऱ्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या शाळकरी पोरांच्या कोपरावर ऑपरेशनं होतात.

तरी शाळेतली एक गोष्ट मला मनापासून आवडते, ती म्हणजे सीझन. माझा मुलगा ऑगस्टपासून फुटबॉल खेळतो, थंडीत कुस्ती, मार्चपासून ट्रॅक, म्हणजे धावणं-उड्या. कुस्तीत खाली वाकून पाय धरायला शिकला तेच फुटबॉलमध्ये टॅकल करताना, म्हणजे समोरच्याला धरून पाडताना कामी येतं, त्याचे कोचच हे सांगतात आणि स्वतःहून म्हणतात जा, दुसरा खेळ खेळून ये. आमच्या वेळी शाळेत खोखो, कबड्डी, मैदानी सगळ्या स्पर्धा दिवाळीच्या आगेमागे एकदम यायच्या, एका सरांकडे गेलं की दुसरे सर नाराज, आणि उन्हाळ्यात मैदानाला कुलूप. म्हणजे पोराला दोन खेळ झेपत नाहीत असं नाही हो, आपण त्याला तारखाच तशा देतो. तारखा पुढेमागे करायला, मैदान उघडं ठेवायला अमेरिकेएवढा पैसा लागत नाही.

दादाला मी एवढंच म्हटलं की दहावीला अजून तीन वर्षं आहेत, सरांशी बोलून बघ, आठवड्यातले दोन दिवस उडीला सुटतात का ते विचार. पुतण्याला थॉर्पचा स्टॉकहोमचा फोटो पाठवला, दोन पायांत दोन वेगळे बूट असलेला, त्याचे बूट ऐनवेळी चोरीला गेले होते असं सांगतात. त्याचा लगेच मेसेज आला, काका, मग उडी किती मारली याने?