कल्ले उघडून बघू नयेत

ऑनलाइन लिलावात काही घ्यायचे असेल तर वर्णन शेवटपर्यंत वाचू नये. शेवटपर्यंत वाचणारी माणसे संशयी होतात आणि संशयी माणसाला आयुष्यात काही स्वस्तात मिळत नाही. मथळा वाचावा, फोटो बघावा, किंमत बघावी आणि बोट मोकळे सोडावे. 'जहाजावरील पितळी होकायंत्र, ब्रिटिशकालीन' इथे पहिली ओळ संपते. 'धाटणीचे' हा शब्द दुसऱ्या ओळीत जातो, आणि दुसरी ओळ बघायला 'आणखी वाचा' दाबावे लागते. ओळ कुठे मोडायची हे विक्रेता ठरवत नाही, तुमच्या मोबाइलचा पडदा ठरवतो. तेव्हा उगाच कोणावर आळ घेऊ नये.

तारकर्लीला किंवा वेळणेश्वरला होमस्टे काढणाऱ्याला असले होकायंत्र लागतेच. सोबत 'जुन्या पेटाऱ्यात सापडलेली शिवराई' मिळाली तर काचेच्या पेटीत ठेवायला बरी. जाहिरात नीट बघा, पेटारा जुना असल्याचे तिथे स्वच्छ लिहिले आहे. नाण्याच्या वयाबद्दल विक्रेत्याने एक अक्षरही काढलेले नाही, आणि जे तो बोललाच नाही त्याबद्दल त्याला खोटारडा कसे म्हणणार? आंब्याचेही तसेच. 'देवगडच्या पेटीतला हापूस, डझनाला बोली' असे असेल तर पेटी देवगडचीच असते, आतले गवतही कोकणातलेच असते. आंबे तेवढे कर्नाटकातून पाहुणे आलेले असतात. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला. पेटीला मिळालेले नाही, त्यामुळे पेटीने कोणता नियम मोडला असे म्हणता येत नाही.

या व्यवहाराचा उगमच मुळी थोर आहे. १९९५ साली अमेरिकेत ईबे सुरू झाले तेव्हा तिथे पहिली विकली गेलेली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर. किंमत १४.८३ डॉलर. संस्थापकाने घेणाऱ्याला विचारले म्हणतात, की बाबा रे, हा मोडका आहे हे तुला कळले ना? त्यावर तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो. विक्रेत्याने स्वतःहून विचारण्याची ही पद्धत पुढे फारशी टिकली नाही. २०१३ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या एका तरुणाने त्याच ईबेवर एक्सबॉक्स वन हे व्हिडिओ गेमचे यंत्र घेतले, साडेचारशे पौंडांना, आणि घरी आला एक्सबॉक्सचा फोटो. वर्णनात 'फोटो' असा शब्द होता. २०२० मध्ये प्लेस्टेशन पाचच्या फोटोंवरही अशाच बोल्या लागल्या. सगळे शब्द खरे, कोर्टात शपथेवर सांगावेत इतके खरे. ही कला आता आपल्या किनाऱ्यालाही लागली आहे आणि आपण मागे राहता कामा नये.

बोली लावताना एक पथ्य पाळा, समोर कोण आहे याचा विचार करू नका. देवळात पावणीला, म्हणजे लिलावाला, नारळ चढत जातो तेव्हा बोली वाढवणारा डोळ्यांसमोर असतो. तो कोणाचा कोण, खिशात किती आणि घरी बायकोला काय सांगणार, हे साऱ्या वाडीला ठाऊक असते. फोनवर समोर असतो 'के' आणि पुढे चार चांदण्या. तुम्ही पाच हजार म्हणालात की तो साडेपाच म्हणतो. तुम्ही थांबलात की तोही थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच वस्तू 'आधीच्या ग्राहकाने माघार घेतल्यामुळे' तुम्हाला देऊ केली जाते. तो विक्रेत्याचा मेहुणा असेल असले कुत्सित विचार मनात आणू नयेत. मालविक्री कायद्यात, तो १९३० सालचा आहे, ६४ वे कलम लिलावाचे आहे. विक्रेत्याने खोट्या बोल्या लावून भाव चढवला तर घेणारा तो व्यवहार रद्द ठरवू शकतो, असे त्यात म्हटले आहे. पण मेहुणा सिद्ध कसा करणार? शिवाय पडद्यावर लाल आकड्यांत 'फक्त ०४:५९ मिनिटे' धावत असताना कलमे आठवणे बरे दिसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये असल्या तेरा क्लृप्त्यांची यादी काढली, त्यात ही खोटी घाईही आहे. यादी वाचायला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागतो, एवढीच तिची अडचण.

होकायंत्रे आणि नाणी हा झाला सराव. खरी कसोटी जागेची. डोंबिवलीत आणि विरारला राहणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याने मनात कोकणात एक घर बांधलेले असते. त्याला पडवी असते, झोपाळा असतो, फक्त खाली जमीन नसते. ती घ्यायची वेळ आली की गावी जाऊ नये. फोन उघडावा.

'समुद्रदर्शन प्लॉट. किनारा पाच मिनिटांवर. एनए होऊ शकणारा. बोली साडेतीन लाखांपासून.' यातला एकही शब्द उलगडून बघू नका. पाच मिनिटे कशाने, असे विचारलेत तर समोरच्याला वाईट वाटेल. घारीला तेवढी लागत नाहीत, तुम्हाला मध्ये खाडी आहे. समुद्रदर्शनाचे म्हणाल तर प्लॉटात माड आहे, माडावर चढले की समुद्र दिसतो, आणि माड वर्णनात दिलेला आहे. किनारा खरोखरच जवळ निघाला तर आणखी मजा. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असते, म्हणजे झोपाळा बांधायला घरच उभे राहणार नाही. 'होऊ शकणारा' हे शब्द तर फार आशावादी आहेत. शेतजमीन एनए, म्हणजे बिनशेती, होऊ शकते, माणूस चंद्रावरही जाऊ शकतो. तोवर जमीन शेतीचीच, आणि आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर १९४८ च्या कूळ कायद्याचे ६३ वे कलम जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मागते. तुम्ही शेतकरी आहात का, हे विक्रेता विचारत नाही. शेवटी शेतकरी असणे किंवा नसणे ही तुमची खाजगी बाब आहे.

सातबारा मागू नये हे तर सांगायलाच नको. तो सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर फुकट दिसतो, आणि फुकट दिसणाऱ्या गोष्टीला कोण विचारतो? उघडलात तर पस्तावाल. कोकणातला सातबारा म्हणजे गणपतीला जमलेले अख्खे घराणे असते. पणजोबांची पाच मुले, त्यांची मुले, कोणी परळला, कोणी बडोद्याला, दोघे वारलेले पण कागदावर जिवंत, एका आत्याचे नाव अजून लग्नाआधीचे. वर शेरा 'सामाईक'. विक्रेत्याची आणेवारी त्यात दोन आणे, आणि ते दोन आणे गडग्याच्या अलीकडे की पलीकडे हे ठरायला आधी वाटप व्हायला हवे. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचे नाव बसलेले. जागेत जायची वाट शेजाऱ्याच्या कलमांतून, आणि शेजाऱ्याचे विक्रेत्याशी बोलणे बंद. एवढे सगळे कळल्यावर कुणाचे बोट बटणावर पडेल? म्हणून कळू नये, यातच सगळ्यांचे भले.

खाजगी माणसांचा भरवसा वाटत नसेल तर बँकेच्या लिलावाकडे वळा. तिथे कोणी फसवत नाही, तिथे आधीच सांगून ठेवतात. 'जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे आणि जे काही आहे तेथे आहे' या तत्त्वावर विक्री. इतके सर्वसमावेशक वाक्य अख्ख्या वेदान्तात सापडणार नाही. कर्ज बुडालेल्याची मालमत्ता बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली विकते, आणि तिच्यावरचे बोजे नोटिशीत द्यावे लागतात. मात्र बँकेला माहीत असलेलेच. जे बँकेला माहीत नाही त्याला बँक काय करणार? बाकीची चौकशी घेणाऱ्याने करायची असते. दापोलीकडचा दोन खोल्यांचा फ्लॅट, 'सांकेतिक कब्जा' असे लिहिलेले. म्हणजे कब्जा बँकेकडे आणि आत राहणारे कुटुंब खिडकीत. ते कुटुंब तुम्हाला चहा विचारील, निघणार मात्र नाही. सोसायटीची थकबाकी कितीक वर्षांची, वीजही त्याच हिशोबात. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाचे थकलेले वीजबिल नव्या मालकाकडे मागता येते. कुणाच्या तरी घरातल्या पंख्याचे बिल आपण भरावे, यात केवढे औदार्य आहे.

पैशाचे गणित मात्र चोख असते. बोली जिंकलात की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, इसारा धरून पंचवीस टक्के भरायचे. उरलेले विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. मुदत वाढवून मिळाली तर ठीक, नाहीतर भरलेले गेले. ते जप्त करण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मोहोर उमटवलेली आहे. गृहकर्जाचे नंतर बघू, असे मनाशी म्हणणारा बोलीदार बँकांना फार आवडतो.

राखीव किंमत कमी दिसली की हुरळून जायलाही हरकत नाही. खेड तालुक्यातल्या मुंबके गावात दाऊद इब्राहिमच्या कुटुंबाच्या जमिनींचा लिलाव जानेवारी २०२४ मध्ये झाला. एका तुकड्याची राखीव किंमत होती १५,४४० रुपये. बोली गेली २ कोटी १ लाखावर. ज्यांना वाटते की लिलावात वस्तू स्वस्त मिळते त्यांनी हा आकडा फ्रेम करून पडवीत लावावा. पडवी झाल्यावर.

या सगळ्यात एकच धोका असतो, गावाकडची आत्या. तिला आधी सांगितलेत की संपले.

"झिला, जागा बघलंस काय?"

"फोटो बघितले ना आत्ये. ड्रोनने काढलेत."

"ड्रोनाक इचारलंस, जमीन कोणाच्या नावार हा ती?"

हिच्यासारख्या बाया हर्णै बंदरात संध्याकाळच्या लिलावाला उभ्या असतात. होड्या लागतात, टोपल्या वाळूवर येतात, बोली सुरू होते. तिथे कोणी फोटो बघत नाही. बांगडा हातात घ्यायचा, कल्ले उघडून लाल आहेत का बघायचे, डोळा बघायचा, पोट दाबायचे, मग भाव बोलायचा. चारशे रुपयांच्या मासळीसाठी एवढा अविश्वास! तीच माणसे फोनवर बसली की चाळीस लाखांना जमिनीचा कल्लाही बघत नाहीत, ही प्रगती नव्हे तर काय?

पण मासळीवाली टोपलीवर 'कल्ले उघडण्याची जबाबदारी ग्राहकाची' अशी बारीक अक्षरात पाटी लावत नाही, आणि कल्ले शिवूनही ठेवत नाही. ऑनलाइन विक्रेता दोन्ही करतो. जे वाचले जाऊ नये म्हणून करड्या रंगात, सातव्या परिच्छेदात, 'आणखी वाचा'च्या पोटात ठेवले, तेच तुम्ही वाचले नाही म्हणून तो तुमच्यावर डाफरतो. ग्राहकाने सावध राहावे असे तो हल्ली फार तळमळीने सांगतो. कायदाही पूर्वी घेणाऱ्यालाच सावध राहायला सांगायचा, नाही असे नाही. मात्र त्याच १९३० च्या कायद्याचे १५ वे कलम म्हणते की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. २०२० चे ई-कॉमर्सचे नियम तर म्हणतात की जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ही कलमे विक्रेत्याला ऐकवू नका. त्याची झोप उडेल.

तक्रार तर करूच नका. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तो चुकून लागला तर मराठीतही बोलतात. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता दिल्लीला असला तरी, आणि ऑनलाइनही करता येते. म्हणजे टाळायला कारणच उरत नाही, आणि कारण नसताना टाळायला खरे कसब लागते. सरकारी लिलावात आहे तशी जागा घेतलेल्यांचे काम सोपे. असा माणूस ग्राहकच नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगून टाकले आहे, त्यांना दुसरे दरवाजे. होकायंत्रवाल्यांनी मात्र नेट लावून टाळावे लागेल.

त्यांच्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे. पहिले वर्ष आधी जाऊ द्यावे. पावसात कोण हिंडतो, मग गणपती आले. गणपतीत तक्रारीचे बोलू नये. दिवाळीनंतर बघू म्हणेपर्यंत कलमांना मोहोर येतो, मग शिमगा, पालखी घरी येणार, मग आंबा आणि मुंबईची मंडळी. तोवर पडद्याची छायाचित्रे असलेला फोन मुलाला देऊन टाकावा आणि विक्रेत्याची चिठ्ठी मीठ बांधायला घ्यावी. दुसऱ्या वर्षी हेच पुन्हा, त्याच क्रमाने. दोन वर्षे पुरी झाली की मग मात्र एक दिवसही दवडू नका. सकाळची पहिली एसटी धरा आणि थेट वकील गाठा.