संशोधनाचे पेपर फुकट वाचायला दिले तर लोक मरतील म्हणे

गेल्या आठवड्यात एक फॉरवर्ड गल्लीच्या ग्रुपवर आला, मग मेडिकलवाल्यांच्या ग्रुपवर, मग मेव्हण्याकडनं, आणि शेवटी दुकानात एका काकांनी मोबाईलच पुढं धरला, "हे वाच की रे." म्हणजे चारदा झालं. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं, की सरकारी पैशातनं झालेलं मेडिकल संशोधन सगळ्यांना फुकट वाचायला द्या ही मागणी घातक आहे, कारण सामान्य माणूस अर्धवट वाचून स्वतःच औषधं घेणार, फुकट म्हणजे दर्जा गेला आणि चांगली जर्नलं, म्हणजे संशोधनाचे पेपर छापणारी मासिकं, बंद पडणार, पेशंटची माहिती चव्हाट्यावर येणार, आपल्या टॅक्सवर परदेशी लोक मजा मारणार, आणि तसंही 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही सरकारी योजना आल्यापासनं सगळ्यांना सगळं मिळतंयच. खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि 'जनहितार्थ जारी'.

मी काय संशोधक नाही. कोल्हापुरात मेडिकल दुकान आहे, बी.फार्म झालोय, बावीस वर्षं काउंटरला उभा आहे, तेवढ्या जिवावर बोलतोय.

तर पहिलं, वाचून स्वतःच औषधं घेतील. अहो लोक न वाचताच घेतात की! रोज संध्याकाळी सात ते नऊ या माझ्या काउंटरला उभं राहायला. एकजण खिशातनं फाटकी स्ट्रिप काढतोय, त्यावर नावाची अर्धीच अक्षरं उरल्यात, "हीच द्या, तीनच द्या, अख्खी नको," आणि ती असते अँटिबायोटिक. कुणी दिली? शेजारणीला बरं वाटलं होतं हिनं. चिठ्ठी कुठाय म्हटलं की राग येतोय, पलीकडच्या दुकानात जातो म्हणतोय, आणि जातोय सुद्धा. बावीस वर्षांत एक माणूस, एकसुद्धा, जर्नलमधला पेपर हातात घेऊन "ह्यात लिहिलंय म्हणून ही गोळी द्या" असं म्हणत आलेला नाही. येतात ते रील बघून. रील उघडी आहे, फॉरवर्ड उघडा आहे, काढेवाल्या बुवाचा व्हिडिओ उघडा आहे, कुलूप फक्त त्या एकाच जागी लावलंय जिथं कुणीतरी किती पेशंट बघितले, किती बरे झाले, किती जणांना त्रास झाला हे मोजून लिहिलंय. आणि हे कुलूप म्हणे आमच्या भल्यासाठी.

बरं हे कुलूप लागतंय कुणाला ते पण बघा, कारण फॉरवर्ड लिहिणाऱ्याला वाटतंय बाहेर फक्त अडाणी पब्लिक उभी आहे. गारगोटीकडं प्रॅक्टिस करणारे एक डॉक्टर माझ्याकडं औषधं न्यायला येतात, आले की आत स्टुलावर बसून चहा होतोय. एकदा त्यांच्याकडं एका पोराचा प्रश्न होता, नेहमीचं औषध सोसत नव्हतं, दुसरं द्यायचं तर लहान मुलांचा डोस बघायचा होता. मोबाईलवर शोधला, नेमका पेपर सापडला, आपल्याच देशातला. वरचा सारांश उघडा, त्यात लिहिलंय डोस वजनाप्रमाणं तक्ता दोनमध्ये दिल्याप्रमाणं. खाली निधी कुणाचा ते पण उघडं, भारत सरकारचं एक खातं. आणि तक्ता दोन? त्यावर क्लिक केलं की पस्तीस डॉलर, म्हणजे तीन हजाराच्या आसपास, ते पण अठ्ठेचाळीस तासांपुरतं बघायला. डॉक्टरांनी मोबाईल माझ्याकडं फिरवून दाखवला आणि म्हणाले, "ह्यो पेपर आपणच केलाय म्हणायचा का नाही, टॅक्स भरतोय की." मग काय, त्या पेपरच्या लेखकाला मेल टाकला, पुण्याच्या एका मित्राला फोन लावला, तिसऱ्या दिवशी रात्री पीडीएफ आली. ज्याला पाहिजे त्याला मिळतंच असं म्हणणाऱ्यांनी हे तीन दिवस पण मोजा.

आणि हे एका डॉक्टरपुरतं नाही. आफ्रिकेतल्या लायबेरियाची गोष्ट बघा. १९८२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी 'ॲनल्स ऑफ व्हायरॉलॉजी' नावाच्या जर्नलमध्ये छापलं होतं की तिथल्या लोकांच्या रक्तात इबोला ह्या जीवघेण्या रोगाच्या अँटिबॉडी, म्हणजे लागण होऊन गेल्याच्या खुणा, सापडल्यात, तेव्हा लायबेरियाला इबोलाच्या पट्ट्यात धरा, दवाखान्यातल्या लोकांनी ध्यानात ठेवा. २०१४ ला साथ आली तेव्हा तिथं कुणाच्या ध्यानीमनी नाही, एकट्या त्या देशात ४,८०० च्या वर माणसं गेली. बैल गेला आणि झोपा केला, त्यातला प्रकार. २०१५ मध्ये तिथल्याच आरोग्य खात्यातल्या वरिष्ठ डॉक्टरांनी हे लिहिलं, आणि असा एक पेपर उतरवून घ्यायला ४५ डॉलर पडतात, म्हणजे तिथल्या डॉक्टरचा साधारण अर्ध्या आठवड्याचा पगार, हे पण लिहिलं. आता पेपर उघडा असता तर सगळे वाचले असते असं मी म्हणणार नाही, असल्या पेपरांच्या लेखकांत तिथला एकही शास्त्रज्ञ नव्हता हे पण त्यांनीच सांगितलंय. पण स्वतःच्याच देशातल्या लोकांच्या रक्तावरचा पेपर वाचायला अर्ध्या आठवड्याचा पगार द्यावा लागतो, ह्याला सुरक्षितता म्हणायचं असेल तर मग बोलणंच खुंटलं.

आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन. हे लोकांना खरंच वाटतंय म्हणून जरा नीट सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळानं मंजूर केलं, २०२५ ते २०२७ अशा तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० पब्लिशरची जवळजवळ १३,००० जर्नलं. चांगली गोष्ट आहे, मी नावं ठेवत नाही, सरकारी कॉलेजातल्या पोरांना जे कधी बघायला मिळालं नसतं ते मिळायला लागलं. पण 'सगळ्यांना' हे कुठनं आलं? योजना आहे केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी, ६,३०० च्या वर संस्था आणि १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक, संशोधक. आकडा मोठा आहे, पण आपण १४० कोटी आहोत. त्यात गारगोटीचे डॉक्टर नाहीत, मी नाही, आशाताई नाही, ज्याच्या घरात पेशंट आहे तो तर नाहीच नाही.

आणि त्यातली गंमत फॉरवर्डवाल्याच्या लक्षातच आली नाही. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जातो आपण, तिथं समजा म्हैस तुमची, वैरण तुमची, धार काढणारा गडी तुमच्या पगारावर, दूध चांगलं आहे का बघणारा पण तुमचाच माणूस आणि तो बिचारा फुकट बघतोय, आणि मधे एकजण नुसता ग्लास घेऊन उभा, तो म्हणतोय ग्लासाचे पैसे द्या. संशोधनाचा पैसा सरकारचा, करणाऱ्याचा पगार सरकारी, पेपर तपासणारे दुसरे डॉक्टर रात्री जागून तपासतात त्यांना बहुतेक ठिकाणी छदाम मिळत नाही, लिहिणाऱ्याला पण मिळत नाही, आणि शेवटी तेच वाचायला सरकार परत ६,००० कोटी मोजतंय. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मोठ्या पब्लिशरचा नफा १०० रुपयांमागं पस्तीस-चाळीसच्या घरात जातोय. माझ्या दुकानात तेवढा राहिला असता तर मी हे लिहीत बसलो नसतो.

फुकट म्हणजे दर्जा नाही, जर्नलं बंद पडतील, ह्यात अर्धी गोष्ट खरी आहे ती आधी मान्य करतो. पैसे घेऊन काहीही छापणारी बोगस जर्नलं आहेत, ढिगानं आहेत, माझ्या प्राध्यापक मित्राला रोज मेल येते, "आदरणीय महोदय, आपला बहुमोल लेख सात दिवसांत प्रसिद्ध करू", आणि तो शिकवतोय वेगळाच विषय. पण मागणी त्या जर्नलांची नाहीच आहे! मागणी एवढीच की पेपर कुठल्याही चांगल्या जर्नलला द्या, तपासून पास झाला की मान्य झालेली प्रत सगळ्यांना उघडी ठेवा. अमेरिकेनं हेच केलंय. तिथं मेडिकल संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थनं २००५ ला आधी विनंती करून बघितली, विनंतीवर कोण हलतंय, मग एप्रिल २००८ पासून सक्ती केली, त्यांच्या पैशातला पेपर बारा महिन्यांच्या आत पबमेड सेंट्रल ह्या त्यांच्या फुकट वाचायच्या साइटवर उघडा झालाच पाहिजे, आणि १ जुलै २०२५ पासून ते बारा महिने पण काढले, छापला की लगेच. मधल्या सतरा वर्षांत कुठलं नावाजलेलं जर्नल बंद पडलं सांगा. आपल्याकडं पण डीबीटी (जैवतंत्रज्ञान) आणि डीएसटी (विज्ञान-तंत्रज्ञान) ह्या केंद्राच्या खात्यांनी डिसेंबर २०१४ मध्ये असलंच धोरण काढलंय, म्हणजे मागणी काय आकाशातनं पडलेली नाही. आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, तिचं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' १९१३ पासनं निघतंय, मुंबईच्या केईएमचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासनं, दोन्ही नेटवर फुकट वाचा, काय दर्जा गेलाय बघा.

उलट पैसे घेतले म्हणजे दर्जा आला असं पण नाही. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा तो ब्रिटनच्या डॉक्टर वेकफिल्डचा पेपर, ज्याच्यामुळं आजपण आया बाळाला लस टोचायला घाबरतात, १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि मागं घ्यायला २०१० उजाडलं. कोरोनात हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ह्या औषधावरचा एक पेपर त्याच जर्नलमध्ये २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागं घेतला. दोन आठवड्यांत! का, तर तेव्हा सगळं जग तो वाचत होतं आणि आकडे जुळत नाहीत म्हणून बोंब मारत होतं. वाचणारे जास्त असले की चोर लवकर सापडतोय, हे आमच्या गल्लीतल्या भिशीला पण लागू आहे.

पेशंटची माहिती चव्हाट्यावर येईल हा मुद्दा वाचून हसूच आलं. जो पेपर पस्तीस डॉलरला मिळतोय तोच फुकट मिळणार, त्यात नावं तेव्हा पण नव्हती, आता पण नाहीत. आणि परदेशी लोक फुकट वाचतील, तर वाचू देत की, आपण इतकी वर्षं त्यांचं पबमेड सेंट्रलवर फुकटच वाचतोय, तेव्हा कुणाचा स्वाभिमान दुखला नाही.

उघडं ठेवल्यानं काय होतंय ते पण सांगतो. घाटाकडच्या गावांत लाल विंचू चावला की आधी मांत्रिक. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची विंचूदंशावरची चाचणी २०११ मध्ये 'बीएमजे' ह्या ब्रिटिश जर्नलमध्ये आली, ७० पेशंट, नुसती प्राझोसिन ही गोळी दिलेल्या ३५ पैकी ८ जण दहा तासांत पूर्ण ठीक, आणि प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२. ती पूर्ण फुकट वाचायला आहे, सरकारी पैशाचं उदाहरण म्हणून नाही सांगत, पण गगनबावड्याकडचा डॉक्टर रात्री दोन वाजता मोबाईलवर ते तक्ते बघू शकतोय एवढं सांगतोय. तिथं पस्तीस डॉलर आडवे आले असते तर?

आणि एक घरचं. आमच्या आजोबांचा धाकटा भाऊ टीबीनं मिरजेजवळ वान्लेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये होता, घरच्यांना भेटायला सुद्धा धाकधूक. पुढं असं घरापासनं लांब ठेवायची पद्धत मागं पडली, त्यामागं १९५९ चा एक मोठा पेपर आहे. मद्रासला आयसीएमआर, तिथलं राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल ह्यांनी मिळून केलेला अभ्यास, काही पेशंट सॅनेटोरियममध्ये आणि काही आपल्या घरीच ठेवून त्याच गोळ्या, आणि घरचे जवळजवळ तेवढेच बरे झाले, शिवाय त्याच अभ्यासाच्या पुढच्या पेपरात दिसलं की घरातल्या बाकीच्यांना जास्त लागण पण झाली नाही. सरकारी पैसा, आणि आज अख्खा पेपर फुकट उघडतोय. मी दुकानात बसून तीन रात्री वाचला. सगळं कळलं असं नाही, आकडेमोडीची पानं सरळ सोडली, पण आजोबांच्या भावाला नेमकं का वेगळं ठेवलं आणि पुढच्यांना का नाही, हे पहिल्यांदा कळलं. अजून गोळी काय मी स्वतः घेतलेली नाही.

तो पेपर मी काकांना पाठवला, म्हटलं तुमच्या फॉरवर्डला हे उत्तर, वाचा आणि सांगा काय धोका आहे. दुसऱ्या दिवशी काउंटरला आले, बीपीची गोळी घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अरे बाबा, हे सगळं इंग्लिशमधी हाय."

आता हा मुद्दा फॉरवर्डमध्ये नव्हता, आणि सगळ्यात खरा हाच निघाला. रविवारी दुपारनंतर दुकान बंद असतंय, तेव्हा त्यातल्या मेन चार पानांचं मराठीत करून ग्रुपवर टाकतो म्हणून सांगितलंय. आकडेमोडीची पानं कुणाला येत असतील तर सांगा.