नुसती वायर तर आहे!

सोमवारी सर म्हणाले, "अगं, एवढ्या वायरचा इम्पीडन्स सिम्युलेशनमधून काढून दे ना." इम्पीडन्स म्हणजे करंटला होणारा एकूण विरोध. वायर १० सेंटीमीटर लांब, १ मिलीमीटर जाड, सरळ, तांब्याची. मला जरा अपमानच वाटला. शाळेतलं पोरगंसुद्धा सूत्रात आकडे घालून सांगेल, सव्वादोन मिलिओहमच्या आसपास. म्हटलं, "झालंच समजा सर, नुसती वायर तर आहे."

"१०० मेगाहर्ट्झला हं," असं म्हणून सर गेले.

पहिलं घोडं पोर्टवर अडलं. करंट इथून शिरणार हे मी सांगितलं, पण परत कुठून येणार ते सांगितल्याशिवाय सॉफ्टवेअर हलेना. खरं तर त्याचं बरोबरच होतं, परतीची वाट ठरल्याशिवाय एकट्या वायरचा इम्पीडन्स म्हणजे एका हाताची टाळी. मग वायरखाली १ सेंटीमीटरवर एक प्लेट घातली, वायरचं दुसरं टोक तिला टेकवलं आणि मेश लावायला घेतला, म्हणजे हिशेबासाठी सगळ्याचे बारीक ठोकळे पाडायला.

आता हाय फ्रीक्वेन्सीला करंट वायरच्या कातडीतूनच पळतो, हे स्किन इफेक्ट प्रकरण मला तोंडपाठ, लँब या गणितज्ञाने १८८३ मध्ये गोळ्याच्या आकारासाठी मांडलं आणि हेविसाइड या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये बाकीच्या आकारांसाठी. बदलतं चुंबकीय क्षेत्र आत भोवरे उठवतं आणि मधला करंट खोडून टाकतं. बसचा कंडक्टर "आत सरका, आत सरका" म्हणून घसा फोडतो, हा कंडक्टर असा की आत कुणाला उभंच राहू देत नाही, सगळे दारात लोंबकळतायत. १०० मेगाहर्ट्झला तांब्यात ही कातडी साडेसहा मायक्रॉन. तिच्यात निदान तीन घरं तरी पडावीत म्हणून मी हौसेने २ मायक्रॉनचे ठोकळे मागितले, तर नुसत्या वायरच्या पोटात जवळपास हजार कोटी ठोकळे झाले. म्हणजे झाले असते. त्याआधीच रॅम संपली, माऊस थिजला आणि मी पंख्याचा आवाज ऐकत बसले.

मंगळवारी अक्कल आली. वायरच्या आत डोकवायचंच नाही, सरफेस इम्पीडन्सची अट लावायची आणि सगळा हिशेब पृष्ठभागावरच उरकायचा. रन पाच मिनिटांत संपला! हुरूप आला म्हणून सहज १ किलोहर्ट्झला चेक केलं, तर रेझिस्टन्स डीसीच्या, म्हणजे न बदलणाऱ्या करंटच्या वेळच्या, आठव्या हिश्श्याएवढा. तांब्याहून भारी तांबं! अर्धा तास मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते, मग ट्यूब पेटली की १ किलोहर्ट्झला कातडी २ मिलीमीटरची होते, आणि वायर आहे १ मिलीमीटरची. अंगापेक्षा कातडी जाड. ही अट कातडी पातळ असेल तेव्हाच चालते, आणि सॉफ्टवेअर काही टोकत नाही, शहाण्यासारखं आकडा देऊन मोकळं होतं.

असो, १०० मेगाहर्ट्झला रेझिस्टन्स आला ८३ मिलिओहम, डीसीच्या अडतीसपट, हाताच्या हिशेबाशीही जुळला. मी खूश. मग शेजारचा कॉलम बघितला. इंडक्टिव्ह रिअॅक्टन्स, म्हणजे वायरभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे होणारा विरोध, पन्नासेक ओहम! ज्या कातडीसाठी दोन दिवस घातले ती या पन्नासपुढे दिसतसुद्धा नव्हती, डोंगर पोखरून उंदीर काढला तो असा. प्लेट वर सरकवून २ मिलीमीटरवर आणली तर तोच आकडा जवळपास निम्मा. वायरला हातही लावला नव्हता!

बुधवारी नको ते केलं, फ्रीक्वेन्सी पुढे वाढवत नेली. सातशे मेगाहर्ट्झच्या आगेमागे इम्पीडन्सचा ग्राफ सरळ आकाशात गेला, आणि पलीकडे उतरला तो कपॅसिटर होऊन. पुन्हा पोर्ट तपासलं, मेश तपासला, स्वतःची डिग्री तपासली. सगळं ठीक होतं. वायर पाव वेव्हलेंथ, म्हणजे त्या लाटेच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी, लांब झाली होती, ती आता वायर राहिलीच नव्हती.

गुरुवारी ग्राफ घेऊन सरांपुढे उभी राहिले. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "इम्पीडन्स फार येतोय. मग आखूड कर की, २ सेंटीमीटर पुरे, आणि प्लेटला चिकटून ने."

"सर, हे सोमवारीच..."

"सांगणारच होतो गं. पण तू म्हणालीस, झालंच समजा."